प्रवेश झालेला आहे

१

दातवाल्या बाईंनी व्हिसाच्या फोटोत हसायचं नाही अशी अट निघाली, तेव्हा दवाखान्यातले सगळे पोट धरून हसले. जिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या हसण्याची सोय केली, तिलाच तोंड मिटून बसा म्हणायचं म्हणजे कमाल झाली. बाई स्वतःही हसल्या. त्या दिवसांत त्यांना कशाचंही हसू यायचं. लेक परदेशात होती, तिचे दिवस भरत आले होते, आणि बाई तिच्याकडे निघाल्या होत्या.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. तिथं बाई कवळ्या बनवत. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, बाई त्याचा प्लास्टरचा साचा करायच्या, मेणात एकेक दात बसवायच्या आणि शेवटी फिरत्या ब्रशवर कवळी घासून घासून आरशासारखी करायच्या. इतकी वर्षं घासून त्यांच्या बोटांची टोकंही तशीच गुळगुळीत झाली होती. जिभेला बोट लावल्याशिवाय वर्तमानपत्राचं पान उलटायचं नाही.

लेकीचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण घरात ती बबडीच. यजमान ती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मायलेकी दोघीच, एकमेकींच्या अंगावर खेकसत आणि एकमेकींवाचून घास न उतरणाऱ्या. बबडीनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "आई, तू आल्याशिवाय मी काही मोकळी व्हायची नाही." जणू ते तिच्याच हातात होतं.

व्हिसाच्या अटी मात्र मारुतीच्या शेपटासारख्या वाढत जाणाऱ्या. लेकीचं बोलावणं हवं, परतीचं तिकीट हवं, विमा हवा, इथं परत यायला काहीतरी कारण आहे याचा पुरावा हवा. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. बाईंनी सगळं जमवलं आणि ठरल्या सकाळी अर्ज घेणाऱ्या केंद्रात जाऊन बसल्या. दारावरच्या रखवालदारानं पर्स, फोन, किल्ल्या सगळं कप्प्यात ठेवून घेतलं आणि हातात पितळी बिल्ला दिला. आत थंडगार दिवाणखान्यासारखी खोली, बसायला निळ्या खुर्च्या. पासपोर्ट आणि कागद पहिल्या खिडकीवर जमा झाले. मग ठसे.

ठसे घेणारा माणूस अर्धं टक्कल पडलेला आणि गप्पिष्ट होता. बाईंनी काचेवर बोटं ठेवली. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल.

"मावशी, तुमच्या बोटांवर काहीच नाही हो," तो म्हणाला. "पाटी कोरी."

"घासून गेली. कामच तसं आहे."

"असं करा, कोपऱ्यात हात धुवायची खोली आहे. गरम पाण्यात बोटं जरा बुडवून या. कधी कधी उमटतात."

बाई गेल्या. नळाचं पाणी कोमट होतं. त्या बोटं चोळत उभ्या होत्या, आणि मागच्या बंद दाराआड कुणीतरी त्यांच्यासारखाच नळ सोडून उभं असल्याचा आवाज येत होता. त्या थांबल्या की तो थांबायचा. भिंतीतल्या पाइपाचा असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात पुसले आणि परत आल्या.

ठसेवाला दुसऱ्याच कुणाची बोटं दाबत होता. बाई समोर उभ्या राहिल्या तसं त्यानं मान वर केली.

"काय राहिलं मावशी?"

"बोटं भिजवून आणली."

"अहो, झालं की तुमचं. मघाशी काय छान उमटले. एकदम ठसठशीत." आणि तो पुढच्या माणसाला म्हणाला, "अंगठा दाबा साहेब."

बाईंना वाटलं, पहिल्या खेपेचेच चालवून घेतले असतील. काम झालं तर कशाला फाटे फोडा. त्या मुकाट्यानं बाहेर पडल्या.

२

दारावर त्यांनी पितळी बिल्ला पुढं केला. रखवालदारानं बिल्ल्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग कप्प्याकडे. कप्पा उघडा होता आणि रिकामा.

"तुम्ही तर मघाशीच गेलात," तो म्हणाला.

"मी आत्ता येतेय बाहेर."

"पर्स, फोन, किल्ल्या मी माझ्या हातानं दिल्या तुम्हाला. बिल्ला सापडत नाही म्हणालात. मी म्हटलं, राहू द्या, तुमचा चेहरा माझ्या लक्षात आहे." तो आवाज चढवत नव्हता, म्हणूनच बाईंना जास्त भीती वाटली. "माझी थट्टा करताय का मावशी?"

बाईंनी आरडाओरडा केला. एक साहेब आला, दुसरा आला. कुणीतरी चलाखी करून सामान लांबवलं, असंच शेवटी ठरलं. तक्रारीचा अर्ज नोंदवून घेतला. रखवालदार मात्र पायरीवर बसून राहिला आणि त्या जाईपर्यंत बाईंकडे बघत होता.

घरी यायला दुपार झाली. बाई दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, वरच्या वहिनी. बाईंच्या दाराची जादा किल्ली कायम त्यांच्याकडे असायची. बाई धापा टाकत वर गेल्या आणि त्यांनी किल्ली मागितली.

वहिनी चष्मा वर करून बघतच राहिल्या. "अहो, तुम्ही गेला नाहीत? मला वाटलं विमान गाठायचंय."

"कुठलं विमान?"

"आत्ता तासाभरापूर्वी मोठी बॅग घेऊन उतरलात ना जिन्यावरून. मी हाक मारली. तुम्ही नुसता हात केलात. मनात म्हटलं, घाईत आहेत."

दोघींनी मिळून दार उघडलं. कुलूप शाबूत होतं. कपाट शाबूत, दागिन्यांचा डबा शाबूत. पलंगाखालची बॅग तेवढी नव्हती. त्या बॅगेत बाळाची दुपटी होती, झबली होती, बबडीसाठी विणलेला स्वेटर होता. पलंगाखालच्या धुळीत बॅगेच्या आकाराची स्वच्छ चौकट राहिली होती.

"चोर असता तर डबा सोडला नसता," वहिनी म्हणाल्या.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर एक कप धुऊन पालथा घातलेला होता. त्याच्यावर बशी, तीही पालथी, आणि बशीवर चमचा आडवा. त्यांची स्वतःची ठेवायची तऱ्हा. सकाळी निघताना त्यांनी चहा घेतला नव्हता. ठसे द्यायचे म्हणून त्या उपाशीच गेल्या होत्या, रक्त तपासायला जावं तशा. त्यावरून स्वतःलाच हसल्याही होत्या.

बाईंनी कपाला हात लावला. अजून ऊन होता.

३

त्या दिवशी बबडीनं फोन उचलला नाही. दुसऱ्या सकाळी वहिनींच्या फोनवरून लावला, तेव्हा पहिल्याच घंटेला उचलला. वहिनींनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"हां काकू, बोला." बबडीचा आवाज असा उल्हसित, की बाईंना तिथंच रडू फुटायचं बाकी राहिलं.

"अगं, तुझ्या आईचा फोन चोरीला गेलाय. ती इथं बसलीय माझ्याजवळ. बोल तिच्याशी."

मग बबडी हसली. "काकू, काहीतरीच काय. आई इथं पोचली काल. आता आंघोळीला गेलीय."

बाईंनी फोन ओढून घेतला. "बबडे, मी बोलतेय. तुझी आई. घरात कोण आलंय तुझ्या? आधी दार लावून घे, जावयांना बोलव."

"कोण बोलतंय?"

"अगं मी. माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज आईसारखाच आहे," बबडी हळूच म्हणाली, बाईंना नव्हे, तिथल्या कुणाला तरी. मग जावयांचा आवाज आला, सभ्य, पण करवतीसारखा. "हे पहा, यंत्रावर माणसाचा आवाज हुबेहूब काढता येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन."

"जावईबापू, देवाशपथ. बबडीला विचारा. तिच्या डाव्या गुडघ्याला खूण आहे. सायकलवरून पडली होती, मी तिला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात नेलं. वाटेभर ती मलाच समजावत होती की आई रडू नकोस. हे तिसऱ्या कुणाला माहीत नाही."

मग बबडीचा आवाज आला. ती रडत होती.

"आई म्हणालीच होती," ती नवऱ्याला सांगत होती. "काल रात्री म्हणाली, असा फोन येईल, गुडघ्याचं सांगतील, तू घाबरू नकोस."

वहिनींनी बाईंच्या हातून फोन घेतला. "अहो, मी माझ्या डोळ्यांनी बघतेय हिला," त्या फोनमध्ये ओरडल्या. "माझ्यापुढं बसलीय."

तेवढ्यात पलीकडं दार वाजलं. ओल्या सपातांचा आवाज जवळ आला. आणि कुणीतरी म्हणालं, "वरच्या वहिनी आहेत का? दे इकडं."

बाईंनी तो आवाज ऐकला. आपला आवाज आपल्याला कधी नीट ऐकू येत नाही म्हणतात, पण हा ऐकू आला. त्यात घोगरेपणा होता, सकाळी सकाळी त्यांना असतो तेवढाच.

"वहिनी, कशा आहात?" तो आवाज म्हणाला. "तुमचे पुढचे दोन दात अजून दुखतात का हो? थोडं घासून द्यायचं राहिलं माझं. भाऊजींना अजून कळलं नाही ना?"

वहिनींचे पुढचे दोन दात खोटे होते. बाईंनी ते सुटीच्या दिवशी, दवाखाना बंद असताना करून दिले होते, नवऱ्याला कळू नये म्हणून. दोघींनी त्यावर पुढं कितीदा हसून घेतलं होतं.

वहिनींनी फोन बंद केला आणि तोंडावर हात ठेवून बाईंकडे बघू लागल्या. पहिल्यांदा त्या नजरेत काळजी होती. मग ती काळजी हळूहळू आटत गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं.

"तुम्ही जा आता खाली," त्या म्हणाल्या. "मला जरा पडायचंय."

४

पोलीस ठाण्यातल्या इन्स्पेक्टरनं सगळं शांतपणे ऐकलं. तोतया बाई, चोरीचा पासपोर्ट, लेकीच्या जिवाला धोका. त्यानं केंद्रात फोन लावला, वकिलातीत लावला, बराच वेळ हं हं करत राहिला. बाई समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग बघत होत्या. फोन ठेवून तो म्हणाला, "पासपोर्ट तातडीच्या खिडकीवरून त्याच दिवशी दिला गेला. घेणारीची बोटं तपासली. जुळली. तिकडं उतरल्यावर पुन्हा तपासली. पुन्हा जुळली. चेहरा तुमचा, ठसे तुमचे, लेक म्हणते हीच माझी आई. मग बाई, मी तक्रार लिहू कुणाविरुद्ध?"

"माझे ठसे घ्या आणि ताडून बघा."

त्यानं घेतले. यंत्र लाल झालं. शाईचे घेतले, कागदावर दहा काळे गुळगुळीत ठिपके उठले. इन्स्पेक्टर ते बराच वेळ निरखत होता.

"तिचे उमटतात," तो म्हणाला. त्यानं बाईंसाठी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

वकिलातीत एक अधिकारी बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, बोलायला मऊ. त्यांनी नियम मोडून संगणकाचा पडदा फिरवला आणि सीमेवर काढलेला फोटो दाखवला. बाई वाकून बघू लागल्या. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी आपल्यासारखी दिसणारी असेल, नाक थोडं वेगळं असेल, डोळे वेगळे असतील, आपण बोट ठेवू आणि म्हणू, हे बघा, इथं चुकली. बोट ठेवायला जागाच नव्हती. गालावरचा तीळ होता. डाव्या भुवईतली केस नसलेली रेघ होती. फोटोतल्या बाईनं तोंड मिटलेलं होतं, अटीप्रमाणे. फक्त तिच्या नाकावर तपकिरी काड्यांचा चष्मा होता.

बाईंनी आपल्या नाकावरचा चष्मा काढला. तपकिरी काड्यांचा. पर्स गेल्यानंतर, जुना चष्मा त्यात गेला म्हणून, त्यांनी तो कालच दुकानातून आणला होता. दुकानदारानं समोर तीन ठेवले होते, आणि हा त्यांनी का निवडला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हा फोटो कधीचा?"

"तुम्ही आत गेलात त्या दिवसाचा," अधिकारी बाई म्हणाल्या. मग त्यांचंही लक्ष चष्म्याकडे गेलं. त्यांनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला.

"मी आत गेलेली नाही."

"आमच्याकडे तुमचा प्रवेश झालेला आहे. जो आत आहे, त्याला पुन्हा व्हिसा देता येत नाही. तुम्ही बाहेर पडलात, की नवा अर्ज करा." त्यांनी बाईंचा हात धरला आणि लगेच सोडलाही, चटका बसावा तसा.

दिवस गेले. बाईंनी कुलूप बदललं. नव्या कुलपाची जादा किल्ली वहिनींकडे नेऊन दिली, वर्षानुवर्षांची सवय म्हणून, आणि वहिनींनी ती घेऊन खुंटीला अडकवली. बाईंच्या नव्या नंबरावरून बबडीला फोन लागेना. दवाखान्यातल्या लोकांच्या फोनांवरूनही एकेक करून तो लागेनासा झाला. बाई कामाला जात, साचे भरत, आणि मधेच ब्रश फिरता ठेवून भिंतीकडे बघत बसत. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःला प्रश्न विचारत. आईचा आवाज कसा होता. यजमानांशी शेवटचं काय बोलले. उत्तरं सगळी येत होती. पण ती तिकडच्या बाईलाही येत असणार, हे मनात आलं की त्यांना घाम फुटायचा. माझी खूण म्हणून माझ्याजवळ उरलंय काय, जे तिच्याजवळ नाही? खूप विचार करून एकच सुचलं. लेकीजवळ नसणं. तेवढं मात्र फक्त यांचं होतं.

एकदा जिन्यात वहिनींनी त्यांना थांबवलं. सांगावं की नाही अशा घोळात होत्या.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "दोघी सुखरूप आहेत."

त्यांच्या फोनवर फोटो आला होता. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, डोळे मिटलेलं. दुपटं बाईंनीच शिवलेलं. बाळाला धरणारीचा चेहरा फोटोत आला नव्हता, हात तेवढे आले होते. टपोऱ्या नसांचे हात, करंगळीवर भाजल्याचा जुना डाग.

"तुम्हाला काय वाटतं वहिनी?" बाईंनी विचारलं. "खरं सांगा. मी कोण आहे?"

वहिनींनी फोन पदराआड करावा तसा छातीशी धरला. "मला नका हो विचारू असलं," त्या म्हणाल्या आणि भिंतीला अंग घासत वर निघून गेल्या.

५

झाडांची पानं गळून फांद्या उघड्या पडल्या, तेव्हा एके सकाळी वकिलातीतून निरोप आला. बाई होत्या तशा निघाल्या. अधिकारी बाईंनी त्यांना खिडकीवर न बोलावता आतल्या खोलीत बसवलं.

"तुम्ही बाहेर पडलात," त्या म्हणाल्या. मग सावरून घेतलं, "म्हणजे, तशी नोंद आलीय. आता अर्ज करायला तुम्हाला काही आडकाठी नाही. मी स्वतः लक्ष घालीन."

बाईंनी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा छाती भरून श्वास आला. ती गेली. बबडीच्या घरातून गेली. आता मी जाईन, दारात उभी राहीन, आणि लेक मला बघितल्यावर ओळखेलच. समोर उभ्या असलेल्या आईला कुणी नाकारत नाही.

"कुठं गेली ती?"

"तिकीट इकडचंच आहे. परतीचं. तुमच्या अर्जात दाखवलं होतं तेच." अधिकारी बाई पडद्यावरची नजर काढत नव्हत्या. "सोबत एक तान्हं मूल आहे. मुलगी. लेकीला कामावर रुजू व्हायचंय म्हणून सहा महिने आजीकडे ठेवणार, असं लिहिलंय. आई-वडिलांची संमती जोडलीय. सगळं नियमात आहे. म्हणून कुणी अडवलं नाही."

बाई ऐकत होत्या, पण शब्द कानांवर आपटून खाली पडत होते. अधिकारी बाईंना पुन्हा सांगावं लागलं. विमान दुपारचं होतं. आजचंच.

विमानतळावर पोचेपर्यंत ते उतरून गेलं होतं. आत जायला बंदी, म्हणून बाई काचेच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. काचेपलीकडं लांबलचक दालन, त्यात पासपोर्ट तपासणाऱ्यांच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीपुढं माणसांची रांग. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यांतून खाली उतरलं होतं. बाई एकेक रांग नजरेनं चाळत होत्या.

टोकाच्या खिडकीशी एक बाई पाठमोरी उभी होती. अंगावर निळा स्वेटर, पायाशी मोठी बॅग. शरीराचा भार एका पायावर टाकून उभी राहिलेली, दुसरा गुडघा दुखतो म्हणून. तिनं खिडकीवर बोटं ठेवली. वर हिरवा दिवा लागला. शिक्का बसल्याचा आवाज काचेतून ऐकू आला नाही, पण अधिकाऱ्याचा हात वर जाऊन खाली येताना दिसला.

तिच्या खांद्यावर बाळ होतं. त्याचं तोंड मागं, बाईंच्या दिशेला. मान अजून धरत नव्हतं, डोकं डुगडुगत होतं. बाईंनी काचेला कपाळ टेकवलं. नात त्यांना पहिल्यांदा दिसत होती. बबडीचं रुंद कपाळ, बबडीची हनुवटी. बाळाची नजर भिरभिरत आली आणि काचेवर येऊन थांबली. आणि बाळाचं तोंड वेडंवाकडं झालं. भ्यायल्यासारखं.

पाठमोऱ्या बाईनं त्याच्या पाठीवर थोपटलं. मागं न वळता.

बाईंनी काचेवर मुठी आपटल्या. शिपाई धावत आले. त्यांनी दंडाला धरून बाजूला नेलं, नाव विचारलं, ओळखपत्र मागितलं. बाईंपाशी दाखवायला काही नव्हतं. त्यांनी सोडलं तोवर टोकाची खिडकी रिकामी झाली होती.

६

घराचा जिना चढताना बाईंना वाटेत कुणी भेटलं नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तसं वरच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. वहिनी फटीतून डोकावल्या. बाईंना बघून त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. त्यांनी एकदा खालच्या दाराकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

"वहिनी, किल्ली कुठाय?" बाईंनी विचारलं. "माझ्या घराची जादा किल्ली."

वहिनींनी दार हळूच लोटून घेतलं. मग कडी लागल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दुसरी कडी.

बाईंनी आपल्या हातातली किल्ली कुलपात घातली. ती फिरली. त्यांनी दार ढकललं. चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती.

त्या फटीतून त्यांना आपलं घर दिसलं. खिडकीतलं ऊन फरशीवर पडलं होतं. खुर्चीच्या पाठीवर निळा स्वेटर टाकलेला होता. दोरीवर झबली वाळत घातली होती, त्यांतून पाणी ठिबकत होतं. नुकतंच दूध उकळल्याचा वास येत होता. पलंगाचा एक कोपरा दिसत होता आणि त्यावर दुपट्यातून बाहेर आलेलं पाऊल, बोटाएवढं, स्थिर.

फोनचा आवाज मोठा करून कुठंतरी ठेवला होता. त्यातून बबडी बोलत होती. बाईंनी इतक्या दिवसांत तिचा आवाज ऐकला नव्हता.

"आणि प्रवासात रडली का ग फार?"

"छे. शहाणी आहे. तुझ्यासारखी नाही." आतल्या बाजूनं सपाता वाजत आल्या. "थांब हं, दारात कुणी आहे."

फटीपुढं ऊन अडलं. चेहरा दिसला नाही, फटीच्या मानानं ती फार जवळ उभी होती. नुसता खांदा दिसला, त्यावर दूध ओकल्याचा ओला डाग, आणि श्वासाचा आवाज आला. तोही ओळखीचा. जिना चढल्यावर लागतो तसा.

बाईंना ओरडायचं होतं. लेकीला हाक मारायची होती, फोन तिथंच होता, हाकेच्या अंतरावर. त्यांनी तोंड उघडलं.

"हळू," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता. थकवा होता. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

बाईंनी तोंड मिटलं. त्यांची नजर त्या पावलाकडे गेली. पाऊल किंचित हललं आणि पुन्हा निवांत झालं. त्या श्वास रोखून उभ्या राहिल्या, बाळ उठू नये म्हणून.

"आई?" फोनमधून बबडीनं विचारलं. "कोण आहे ग?"

"तीच."

"ती फोनवाली?" बबडीचा आवाज पातळ झाला. "घरापर्यंत आली? आई, दार लाव आधी. बाळाला आतल्या खोलीत ने. मी बोलतेय तुझ्याशी, ठेवू नकोस फोन."

"बबडे," बाई म्हणाल्या. पण ते इतकं हळू झालं की त्यांनाही धड ऐकू गेलं नाही.

दार सावकाश बंद झालं. कडी लागली. सपाता आत गेल्या, पलंग कुरकुरला, आणि मग दाराच्या फळीतून, दबलेला, रडवेला, पण सुटल्यासारखा लेकीचा आवाज आला.

"गेली का?"

"जाईल," बाईंचा आवाज म्हणाला.